कॅमेरा बदलण्याआधी मधले पाणी कमी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी-नाताळच्या सुट्या आल्या की नागपूरकर समुद्राकडे धाव घेतात. कुणी अंदमानला, कुणी मालवण-तारकर्लीला, कुणी गोव्याला, नाहीतर मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्यांना पाण्याखाली डोके घालण्याचे अप्रूप जरा जास्तच असते. परतल्यावर मात्र फोटो बघून हिरमोड होतो. प्रवाळ राखाडी, मासे निळसर आणि माणसांचे चेहरे आठवडाभर ताप येऊन गेल्यासारखे हिरवट. दोष कॅमेऱ्यावर येतो आणि पुढच्या सहलीसाठी नवा कॅमेरा, लाल फिल्टर, टॉर्च अशी यादी घेऊन मंडळी सीताबर्डीच्या दुकानांत पोहोचतात. यातला बराचसा खर्च टाळता येण्याजोगा आहे. वृत्तपत्रांच्या पर्यटनाच्या पानांवर पाण्याखालचे झगमगीत फोटो छापले जातात, पण ते रंग कसे मिळाले हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

मुळात गडबड पाण्याची आहे. पाणी प्रकाश शोषून घेते आणि सगळे रंग सारख्या प्रमाणात शोषत नाही. अगदी शुद्ध पाणी धरले तरी ६५० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश एका मीटरनंतर सुमारे ७१ टक्के उरतो, तीन मीटरनंतर ३६, पाच मीटरनंतर १८ आणि दहा मीटरनंतर जेमतेम ३ टक्के. त्याच दहा मीटरनंतर हिरवा निम्म्याहून अधिक शिल्लक असतो आणि निळा ९० टक्क्यांच्या घरात. समुद्राचे पाणी शुद्ध नसते, त्यामुळे प्रत्यक्षातली स्थिती याहून वाईट. लालपाठोपाठ नारिंगी, मग पिवळा, असा रंगांचा काढता पाय सुरू राहतो. आपल्याला पाण्यात असताना हे तितके खटकत नाही, कारण मेंदू आतल्या आत रंगांचा हिशेब जुळवून घेतो. कॅमेरा जे आहे तेच टिपतो.

'पाच मीटर खोलीवर लाल रंग जातो' असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. सूर्यप्रकाश पृष्ठभागापासून माशापर्यंत खाली येतो आणि माशावरून उलटून कॅमेऱ्यापर्यंत जातो. या दोन्ही टप्प्यांतले पाणी मोजायला हवे. मासा चार मीटर खोल आहे आणि तुम्ही त्याच्यापासून तीन मीटर लांब आहात, तर प्रकाशाने एकूण सात मीटर पाणी कापले. लाल उरला ९ टक्के. तोच मासा अर्ध्या मीटरवरून टिपला तर पाणी साडेचार मीटर आणि लाल २२ टक्के. कॅमेरा तोच, जागा तीच, खर्च शून्य, आणि लाल दुपटीहून जास्त. दोन मीटर खोलीवरचे प्रवाळ अर्ध्या मीटरवरून टिपले तर हाच आकडा ४३ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून नवशिक्यांनी खोल जाण्याची हौस आवरावी. रंगांसाठी पहिले चार-पाच मीटर सोन्यासारखे.

झूमने यातले काहीही साधत नाही. झूम केल्याने मासा मोठा दिसतो, मधले पाणी होते तेवढेच राहते. झूम सर्वांत रुंद टोकाला ठेवावा आणि पायांनी पुढे सरकावे. यात एक फसगत हमखास होते. पाण्यातली वस्तू प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे खऱ्या अंतराच्या साधारण पाऊणपट अंतरावर असल्यासारखी दिसते. म्हणजे दीड हातावर वाटणारा मासा प्रत्यक्षात दोन हात लांब असतो. 'आता पुरे झाले' असे वाटल्यावर आणखी थोडे पुढे जायचे.

इथे नागपूरशी जुळणारा एक धागा सांगण्याचा मोह होतो. चंद्रशेखर वेंकट रामन सरकारी अर्थखात्यात नोकरीला असताना १९१० मध्ये त्यांची बदली नागपूरला झाली होती. पुढे १९२१ मध्ये भूमध्य समुद्रातून प्रवास करताना त्यांनी निकोल प्रिझम (ठरावीक दिशेने कंप पावणाराच प्रकाश पार जाऊ देणारा स्फटिक) डोळ्याला लावून पाण्यावरची चकाकी कापली आणि समुद्राचा निळेपणा पाहिला. तो निव्वळ आकाशाचे प्रतिबिंब नाही, पाणी स्वतः प्रकाश विखुरते, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या फोटोत विषयावर, म्हणजे ज्याचा फोटो काढायचा त्यावर, जो निळसर पडदा पसरलेला असतो तो या विखुरलेल्या प्रकाशाचाच. अंतर वाढले की नुकसान दुहेरी होते. लाल आटतो आणि हा पडदा दाट होतो. पहिले नुकसान थोडेफार भरून काढता येते, दुसरे फार अवघड जाते.

हे सगळे नागपुरात बसून पडताळता येते, समुद्राची वाट बघायला नको. जलतरण तलावाच्या व्यवस्थापनाची परवानगी घ्यावी, गर्दी नसलेली सकाळची वेळ निवडावी आणि सोबत एक संत्रे न्यावे. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात असतात, ती उत्तम. सालीसकट संत्रे पाण्यावर तरंगते, त्यामुळे ते फळांच्या जाळीच्या पिशवीत घालून खाली वजन बांधावे आणि दोरीने एक मीटर खोल सोडावे. साल काढली तर बुडेल, पण मग तलावाचे कर्मचारी तुम्हाला बाहेर काढतील. दर मीटरला गाठ मारलेली दुसरी दोरी अंतर मोजायला घ्यावी. आता ३० सेंटिमीटर, १ मीटर, ३ मीटर आणि ५ मीटर अंतरावरून, झूम न करता, व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून कॅमेरा जुळवतो तो रंगांचा तोल) 'डेलाइट'वर, म्हणजे दिवसाच्या उजेडावर, कायम ठेवून फोटो काढावेत. ऑटोवर ठेवला तर कॅमेरा प्रत्येक फोटोत वेगळी सारवासारव करतो आणि तुलनाच होत नाही. घरी येऊन चारही फोटो शेजारी शेजारी लावले की पहिल्यातले संत्रे संत्र्यासारखे आणि शेवटच्यातले मातकट दिसेल. सोबत कुणीतरी काठावर असावे आणि श्वास रोखण्याची पैज लावू नये. जोरजोरात श्वास घेऊन मग बुडी मारणे तर अजिबात नको, त्याने पाण्याखाली शुद्ध हरपते. अंबाझरी-फुटाळ्याच्या पाण्यात हा प्रयोग करू नये. तिथे उतरणे धोक्याचे आहेच, शिवाय शैवाल आणि गाळामुळे दिसणारही काही नाही.

तलावात आणखी एक गोष्ट शिकून घ्यावी, ती म्हणजे हाताने व्हाइट बॅलन्स लावणे. कॅमेऱ्यात याला 'कस्टम' किंवा 'मॅन्युअल' म्हणतात, चिन्ह बहुधा दोन त्रिकोणांमध्ये चौकोन असे असते. त्यासाठी पांढरी पाटी लागते. स्वयंपाकघरातला पांढरा प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड वहीच्या अर्ध्या पानाएवढा कापला आणि पॉलिश पेपरने घासून त्याची चकाकी घालवली की काम झाले. हे प्लास्टिक तरंगते, म्हणून भोक पाडून मनगटाला दोरी बांधावी. लॅमिनेट केलेला कागद घेऊ नये. त्यावर सूर्य चमकतो आणि कॅमेऱ्याला पाण्याऐवजी चकाकीचा रंग मोजायला मिळतो.

पाटी कशी धरावी, यातच बहुतेकांचे चुकते. जिथे फोटो काढायचा त्याच खोलीवर, विषयाच्या जागी, विषयावर प्रकाश ज्या बाजूने पडतो त्याच बाजूला तोंड करून धरावी. स्वतःची सावली तिच्यावर पडू देऊ नये. पाटीने चौकट भरेल इतके जवळ जावे, पण ती पांढरीफटक होऊन तपशील जळू देऊ नये. एक पायरी कमी उजेडात मोजमाप घ्यावे. तलावात पाटी खाली झुकवली तर निळ्या फरशीचा उजेड तिच्यावर येतो आणि फोटो नारिंगी होतात, समुद्रात हीच चूक वाळूमुळे होते. दोन-तीन मीटर खाली-वर झाले की मोजमाप पुन्हा घ्यायचे. पाच मीटरवर लावलेला व्हाइट बॅलन्स तसाच ठेवून वर आलात तर सगळे फोटो लालभडक येतील. काही कॅमेरे आठ-दहा मीटरखाली मोजमाप घ्यायलाच नकार देतात, कारण जुळवायला लाल उरलेलाच नसतो.

कॅमेऱ्यात 'रॉ' फाइलची, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलची, सोय असेल तर ती चालू करावी. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. पाण्याखाली त्यातला लाल तळाच्या मोजक्या पायऱ्यांत दाटीवाटीने बसलेला असतो. नंतर तो ताणला की पट्टे आणि दाणे उमटतात. रॉमध्ये बारा किंवा चौदा बिट म्हणजे चार हजारांहून किंवा सोळा हजारांहून अधिक पायऱ्या मिळतात, ताणायला जागा राहते. मात्र रॉ घेतला तरी उजेड नीट मोजायलाच हवा. पाण्याखाली स्क्रीन काळोखात झळझळीत दिसते आणि फोटो उजळ असल्याचा भास होतो. तिच्यावर विसंबू नये, हिस्टोग्राम (फोटोत अंधारापासून उजेडापर्यंत किती बिंदू आहेत हे दाखवणारा आलेख, डावीकडे अंधार) उघडावा आणि त्यातला लाल रंगाचा आलेख पाहावा. तो डाव्या भिंतीला चिकटून उभा असेल तर तिथे माहितीच नाही. ती नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमधून परत येणार नाही.

आता समुद्राकडे. अंदमानचे पाणी आणि मालवणचे पाणी यांना एकच औषध चालत नाही. अंदमान-लक्षद्वीपचे स्वच्छ पाणी निळे. कोकण किनाऱ्याला नद्यांचा गाळ, पाण्यात विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये आणि वनस्पती-प्लवक असतात. ही द्रव्ये आणि प्लवक निळा प्रकाशही खातात, म्हणून उरतो तो हिरवा. दुकानात मिळणारा नेहमीचा लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी बनवलेला असतो. तो तारकर्लीत लावला तर फोटो हिरवट-तपकिरी येतो. हिरव्या पाण्याला मॅजेंटा, म्हणजे गुलाबी-जांभळट, फिल्टर लागतो.

मालवणला जाणाऱ्यांनी कॅलेंडरमध्ये तिथी जरूर पाहावी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, ओढ वाढते, तळाचा गाळ उचलला जातो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि पाणी त्यामानाने निवळ राहते. भरती पूर्ण होऊन पाणी थबकते, ती वेळ सगळ्यात चांगली, कारण बाहेरचे स्वच्छ पाणी आत आलेले असते. घड्याळात पाहाल तर सकाळी दहा ते दुपारी दोन. सूर्य कलला की प्रकाश पाण्यात तिरपा शिरतो, त्याला जास्त पाणी कापावे लागते आणि पृष्ठभागावरून उलटून जाणारा भागही वाढतो. फोटो काढताना सूर्य पाठीशी ठेवावा. सूर्याकडे तोंड करून छायाकृती सुंदर येतात, पण रंग मिळत नाहीत.

फिल्टरबद्दल गैरसमज फार आहेत. लाल फिल्टर लाल रंग वाढवत नाही. तो गाळणी आहे, निळा आणि हिरवा अडवतो, एवढेच. त्यामुळे एकूण उजेड निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. फायदा असा की निळा जळून जाण्याची भीती कमी झाल्याने शटर जास्त वेळ उघडे ठेवता येते आणि लालला त्याचा वाटा मिळतो. पण ज्या खोलीवर लाल उरलेलाच नाही तिथे गाळणी काय करणार? साधारण पाच ते पंधरा मीटर ही त्याची हद्द. त्याहून उथळ पाण्यात फोटो लालसर होतो, त्याहून खोल गेल्यावर नुसता अंधार वाढतो. स्नॉर्केलिंग करणारा माणूस पृष्ठभागावर तरंगत दोन-तीन मीटर खालचे प्रवाळ टिपत असतो, त्याला फिल्टरची गरजच नाही. फिल्टर लावलाच तर पाटीवरून व्हाइट बॅलन्सही घ्यावा, दोन्ही मिळून काम करतात. पाण्यात उतरल्यावर फिल्टर आणि काच यांच्या मधे अडकलेले बुडबुडे बोटाने काढून टाकावेत. फोटोच्या मध्यभागी जो धुरकट डाग येतो तो बहुतेक वेळा यांचाच असतो.

फिल्टर आणि फ्लॅश एकत्र कधीही वापरू नयेत. फ्लॅशचा प्रकाश पांढरा असतो, तो लाल फिल्टरमधून गेला की समोरचा मासा टोमॅटो होतो.

खरा रंग हवा असेल तर स्वतःचा प्रकाश सोबत न्यावा लागतो, हे फार पूर्वी कळलेले आहे. १९२६ मध्ये जीवशास्त्रज्ञ विल्यम लाँगली आणि छायाचित्रकार चार्ल्स मार्टिन यांनी फ्लोरिडाच्या दक्षिणेकडील पाण्यात हॉगफिश माशाचा फोटो काढला. पाण्याखाली काढलेला हा पहिला रंगीत फोटो मानला जातो. त्या काळच्या रंगीत फोटो टिपणाऱ्या ऑटोक्रोम काचपट्ट्या प्रकाश टिपायला इतक्या मंद होत्या की पाण्यावर तरंगत्या तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवून त्यांनी उजेड पाडला. आज तेवढे दिव्य करावे लागत नाही, पण नियम तोच आहे. फ्लॅश विषयाजवळ असेल तरच उपयोग.

हिशेब पाहा. अर्ध्या मीटरवरून फ्लॅश मारला तर प्रकाश जाऊन-येऊन एक मीटर पाणी कापतो, लाल ७१ टक्के उरतो, मग तुम्ही पाच मीटरवर असा की वीस. दोन मीटरवरून मारला तर चार मीटर पाणी, लाल २६ टक्के, आणि प्रकाश पसरल्यामुळे त्याची तीव्रता अर्ध्या मीटरच्या तुलनेत सोळावा हिस्सा. म्हणून एका मीटरपलीकडच्या विषयावर फ्लॅश वाया गेला असेच समजावे. मालवणच्या पाण्यात तर ३०-४० सेंटिमीटरच्या आत.

कॅमेऱ्याच्या अंगावरच असलेला फ्लॅश दुसरा त्रास देतो. भिंग आणि विषय यांच्या मधे तरंगणारा कचरा तोच आधी उजळतो आणि फोटोभर पांढरे ठिपके येतात. बाहेरचा फ्लॅश दांडीवर लावून भिंगापासून ३०-४० सेंटिमीटर बाजूला न्यावा, भिंगाच्या थोडा मागे ठेवावा आणि किंचित बाहेरच्या बाजूला वळवावा. मग विषयावर प्रकाशझोताची फक्त कड पडते आणि मधले पाणी अंधारात राहते. डिफ्यूझर (फ्लॅशवरचे प्रकाश पसरवणारे दुधी झाकण) लावल्याने कठोर सावल्या जातात, मधल्या कचऱ्यावर तो उपाय नाही. सुरुवातीला आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) २००, ॲपर्चर (भिंगाच्या छिद्राचा आकार) एफ/८ आणि शटर उघडे राहण्याचा वेळ सेकंदाचा १/१२५ धरावा. पार्श्वभूमीचा निळा फिका वाटला तर शटर वेगवान करावा, समोरचा मासा अंधारा वाटला तर फ्लॅशची ताकद वाढवावी. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत हे एकदा उमगले की निम्मे छायाचित्रण आले.

टॉर्चच्या जाहिरातींना मात्र भुलू नये. भर दुपारी पाच मीटरवर हजार ल्युमेनचा (ल्युमेन हे उजेडाचे माप) टॉर्च लावला आहे की नाही हेही फोटोत कळत नाही. सूर्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही. खडकाच्या कपारीत, सावलीत, रात्रीच्या डाइव्हला किंवा बोटभर अंतरावरच्या शंख-गोगलगाईसारख्या लहान जिवांसाठी तो कामाचा.

आता मोबाइलवाल्यांसाठी थोडेसे. पाणीरोधक म्हणून विकलेला फोन समुद्रात उघडा नेऊ नये. ते मानांकन गोड्या पाण्यातल्या चाचणीचे असते आणि पाणी शिरल्याचे नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही. प्लास्टिकच्या पाऊचमध्ये फोन नेल्यास पाण्याखाली टचस्क्रीन काम करत नाही, वरच्या दाबाने ती भलतीच बटणे दाबून घेते. कॅमेरा वरच चालू करावा आणि आवाजाच्या बटणाने फोटो काढावा. पाऊचची काचेसमोरची बाजू ताणून सपाट ठेवावी, नाहीतर सुरकुतीतून आलेला फोटो रंगाने बरा असला तरी अंधूक असतो.

मालवण, गोवा किंवा अंदमानला प्रशिक्षण नसताना जी 'ट्राय डाइव्ह' करवतात, तीत कॅमेरा स्वतःकडे घेऊ नये. प्रशिक्षकाने तुम्हाला धरलेले असते, कान मोकळे करायचे, श्वास सांभाळायचा, त्यात कॅमेरा नको. फोटो प्रशिक्षक किंवा त्याचा जोडीदार ॲक्शन कॅमेऱ्याने काढतो. पण आधी दोन गोष्टी सांगता येतात. एक, फोटो हातभर अंतरावरून घ्या, लांबून पूर्ण माणूस नको. दुसरे, व्हॉट्सॲपवर दाबून पाठवलेल्या नकोत, मूळ फाइल कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर द्या. उथळ पाण्यात कॅमेऱ्यावर लाल फिल्टर चढवलेला दिसला तर काढायला सांगावे. बहुतेक जण ऐकतात.

प्रशिक्षण घेतलेल्यांनीही तरंगणे पक्के जमल्याशिवाय कॅमेरा नेऊ नये. पायातल्या फिन्स तळाला लागल्या की गाळ उडतो आणि पुढची काही मिनिटे कुठलाही व्हाइट बॅलन्स कामाला येत नाही. जवळ जाण्याच्या नादात प्रवाळाला हात टेकणे तर गुन्हा आहे. दगडी प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे आणि मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

धुके हा रंगाचा आणखी एक शत्रू. कोकणातल्या दमट हवेत हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याचे पाणीरोधक कवच, बंद केले की आतली वाफ थंड पाण्यात काचेवर जमते, रंग दुधाळ होतात. एसी खोलीत, कोरड्या हवेत हाउसिंग बंद करावे, आत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि बोटीवर ते ओल्या पंचाखाली सावलीत ठेवावे.

घरी आल्यावरचे संपादन. क्रम महत्त्वाचा आहे. आधी व्हाइट बॅलन्स. ड्रॉपर (टेकवलेल्या जागेला बेरंगी धरून रंगांचा तोल जुळवणारे साधन) घेऊन फोटोतली पाटी, वाळू किंवा ऑक्सिजनची म्हणून ओळखली जाणारी पण खरे तर साध्या दाबलेल्या हवेची चंदेरी टाकी, यांपैकी राखाडी-पांढऱ्या वस्तूवर टेकवावा. हिरवट छटा राहिली तर टिंट (हिरवा-मॅजेंटा तोल) मॅजेंटाकडे सरकवावा. मग उजेड, मग काळ्याची पातळी. निळ्या पडद्यामुळे धुरकटलेला फोटो काळे ठीक केल्यावरच ठसठशीत होतो. त्यानंतर कर्व्हमध्ये (उजेड-अंधार बदलणाऱ्या वक्ररेषेत) फक्त लाल वाहिनी, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा थर, निवडून मधला भाग थोडा उचलावा. सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) सगळ्यात शेवटी आणि चिमूटभर. बहुतेक जण सुरुवातच तिथून करतात, त्याने असलेला निळाच आणखी भडकतो. मोबाइलवर स्नॅपसीड, संगणकावर डार्कटेबल किंवा रॉथेरपी ही फुकट मिळणारी साधने या कामाला पुरेशी आहेत. चॅनल मिक्सर असेल तर लाल वाहिनीत ३० टक्क्यांपर्यंत हिरवी मिसळून पाहावी. फोटो डोळ्याला बरा दिसतो, पण तो लाल उसना आहे हे लक्षात असू द्यावे.

थांबायचे कुठे, हे ओळखायला फोटोतला काळा वेटसूट किंवा काळ्या फिन्स पाहाव्यात. शंभर टक्के मोठे करून पाहिल्यावर त्यांत लाल ठिपके वळवळताना दिसले किंवा काळा तपकिरी झाला, तर लाल जास्त ओढला गेला आहे. मागचे पाणी जांभळे झाले तरी तेच. अशा वेळी पूर्ण फोटोऐवजी ब्रशने फक्त समोरच्या विषयावर दुरुस्ती करावी. जवळच्या आणि लांबच्या वस्तूंनी वेगवेगळे पाणी कापलेले असते, त्यामुळे एकच सरकपट्टी सगळ्यांना लागू पडत नाही. डेरिया अक्काइनाक आणि ताली त्राइबित्झ या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेली 'सी-थ्रू' पद्धत याच मुद्द्यावर उभी आहे. ती प्रत्येक बिंदूचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर आधी काढते आणि त्या अंतराप्रमाणे पाणी वजा करते. तिलाही रॉ फाइल लागते. पंधरा मीटरखाली नुसत्या सूर्यप्रकाशात काढलेल्या फोटोचे मात्र सरळ कृष्णधवल करावे. ते पुष्कळदा देखणे दिसते.

एका बटणात रंग परत आणणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची ॲप्स सध्या जोरात आहेत. घरच्या अल्बमपुरती ती ठीक. पण लाल वाहिनी रिकामी असताना त्या ॲपने माशावर चढवलेला लाल हा अंदाज असतो. माशाची जात ओळखायची असेल किंवा प्रवाळ पांढरे पडले आहे का हे पाहायचे असेल, तर असा फोटो दिशाभूल करतो.

म्हणून संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. पाण्याखालचा फोटो छापताना त्याखाली छायाचित्रकाराच्या नावासोबत खोली, विषयापासूनचे अंतर, प्रकाश सूर्याचा की फ्लॅशचा, आणि रंग नंतर बदलले असल्यास कसे, एवढे द्यावे. 'खोली ६ मीटर, अंतर ४० सेंमी, दोन फ्लॅश' ही ओळ एका कॉलमच्या रुंदीत आरामात बसते. वाचकांकडून असे फोटो मागवताना ही माहिती आणि मूळ फाइल सक्तीची करावी.

आपला,
पाण्याखालील छायाचित्रणाचा एक अभ्यासक,
धरमपेठ, नागपूर